चित्रकादंबऱ्यांची फळी

आमचे पुस्तकांचे दुकान पुण्यात, अप्पा बळवंत चौकापासून पायी दहा मिनिटांवर आहे. बाबांनी ते सुरू केले तेव्हा शालेय पुस्तके, मार्गदर्शके आणि वह्या यांवर दुकान चालत असे आणि मागच्या भिंतीला मराठी कथा-कादंबऱ्यांचे एकच कपाट होते. पुढे मी दुकानात बसू लागले, वह्या बंद झाल्या, एका कपाटाची चार झाली, इंग्रजी पुस्तकेही आली. परंतु मोठ्या माणसांसाठी चित्रांतून सांगितलेले असे एकही पुस्तक २०२२ पर्यंत आमच्याकडे नव्हते. आज अशी दोनशेहून अधिक पुस्तके आहेत आणि काही वाचक केवळ त्यांच्यासाठी दुकानाची पायरी चढतात. तेव्हापासून या पुस्तकांची जागा दोनदा बदलली. ती का बदलावी लागली हे लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते, कारण पुस्तक दुकानात कुठे ठेवले आहे यावर ते कोणाच्या हातात पडणार हे ठरते, ही गोष्ट मला इतकी वर्षे गल्ल्यावर बसूनही नीटशी कळली नव्हती.

सुरुवात एका बातमीने झाली. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या मॅकमिन परगण्यातील शाळामंडळाने आर्ट स्पीगलमन यांचे ‘माउस’ हे पुस्तक अभ्यासक्रमातून काढून टाकले. ज्यू लोकांना उंदरांच्या आणि नाझींना मांजरांच्या रूपात रेखाटून स्पीगलमन यांनी त्यात आपल्या वडिलांची, ऑश्विट्झच्या छळछावणीतून जिवंत परतलेल्या व्लाडेकची, कहाणी सांगितली आहे. १९८६ आणि १९९१ मध्ये दोन खंडांत आलेल्या या कृतीला १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला होता. म्हणजे तीस वर्षे ती जगभर वाचली जात होती आणि पुस्तकांच्या दुकानात वाढलेल्या मला तिचे नावही ठाऊक नव्हते. बातमीनंतरच्या पंधरवड्यात तिघांनी येऊन या पुस्तकाची चौकशी केली. तिसऱ्यांदा ‘नाही’ म्हणताना मला फार वाईट वाटले. मी चार प्रती मागवल्या, तीन त्या तिघांना दिल्या आणि चौथी घरी नेली.

एका रविवारी दुपारी मी ती वाचून संपवली आणि वाचून झाली असे समजले. तिघांपैकी एक महाविद्यालयात शिकणारी मुलगी होती. ती पुन्हा आली तेव्हा पुस्तकाबद्दल बोलणे निघाले, आणि तिने पहिल्या खंडातले एक पान काढून माझ्यासमोर धरले. लपण्याची जागा हातची गेल्यावर व्लाडेक आणि त्याची पत्नी आन्या एका उजाड माळावरून चालू लागतात. जायचे कुठे हे दोघांनाही ठाऊक नसते. त्या मुलीने माळावरच्या वाटांवरून बोट फिरवले. त्या वाटा मिळून नाझींच्या चिन्हाचा आकार तयार होत होता. दोघे कोणत्याही वाटेने गेले असते तरी त्या चिन्हावरूनच चालणार होते, आणि याबद्दल पानावर एक अक्षरही लिहिलेले नव्हते. मी ते पान दोन दिवसांपूर्वी उलटून पुढे गेले होते, कारण मी संवादांच्या फुग्यांतले शब्द तेवढे वाचले होते.

त्या आठवड्यात मी ‘माउस’ पुन्हा वाचले, या वेळी शब्द शेवटी आणि चित्र आधी असे ठरवून. एका पानाला पाच-सहा मिनिटे लागू लागली. दोन चौकटींच्या मध्ये जी कोरी पट्टी असते तिथे किती वेळ गेला, कोण उठून गेले, काय बोलायचे राहिले, हे चित्रकार सांगत नाही. ते वाचकाने भरायचे असते. म्हातारा व्लाडेक गोळ्या मोजताना दिसतो, रस्त्यावर पडलेली तार उचलून खिशात घालतो, मुलगा त्याच्यावर वैतागतो, आणि त्याच पानावर पुढच्या चौकटीत आपण पोलंडमध्ये असतो. त्या चिक्कूपणाचे मूळ कुठे आहे हे समजावून सांगायला गद्याला परिच्छेद लागला असता. इथे दोन काळ शेजारी शेजारी ठेवले आहेत एवढेच. अशी पुस्तके आपल्या दुकानात असलीच पाहिजेत हे माझे त्या आठवड्यात ठरले.

पहिल्या खेपेस मी बावीस शीर्षके निवडली. त्यात ‘माउस’ होते. १९७९ च्या क्रांतीनंतरच्या तेहरानमधले आपले बालपण सांगणारे मारजान सत्रापी यांचे ‘पर्सेपोलिस’ होते. ‘नवयान’ प्रकाशनाने २०११ मध्ये काढलेले, बाबासाहेब आंबेडकरांची कहाणी सांगणारे ‘भीमायन’ होते. गोव्यात वाढलेल्या अमृता पाटील यांची ‘कारी’ (२००८) होती आणि सारनाथ बॅनर्जी यांचे, दिल्लीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याभोवती फिरणारे ‘कॉरिडॉर’ (२००४) होते. शेवटच्या या पुस्तकाबद्दल मला जो जिव्हाळा वाटला तो व्यवसायबंधूचा होता हे मान्य करते. ओरिजित सेन यांचे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ त्याच वर्षी पुन्हा छापले गेले. १९९४ मध्ये निघालेले आणि नंतर दीर्घकाळ बाजारात नसलेले ते पुस्तक नर्मदेवरच्या धरणाबद्दल आहे. सरदार सरोवरात बुडालेले मणिबेली हे गाव आपल्या नंदुरबार जिल्ह्यातले, त्यामुळे ते पुस्तक मला दूरचे वाटले नाही.

खोके उघडून पुस्तके मांडायची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले, “अगं, ही मुलांच्या कोपऱ्यात लाव. टिंकलच्या शेजारी जागा आहे.” मला त्यात काही गैर दिसले नाही. अमर चित्रकथा, टिंकल आणि चिंटूचे संग्रह तिथेच होते, चित्रे होती, फुगे होते. सारखे सारख्याजवळ ठेवावे हा दुकानदारीचा पहिला धडा. आमच्याकडे तीस वर्षे काम करणाऱ्या काकांनी फळी पुसून दिली आणि बावीसही शीर्षके गुडघ्याच्या उंचीवर, मुलांचे हात पोहोचतील अशी लागली.

तिसऱ्याच आठवड्यात त्याचा परिणाम दिसला. एका बाईंनी आपल्या आठ वर्षांच्या मुलासाठी त्या कोपऱ्यातून एक पुस्तक नेले. काकांनी बिल केले, मी पिशवीत घालून दिले, कोणीच उघडून पाहिले नाही. ते युद्धभूमीवरून केलेली पत्रकारिता चित्रांतून मांडणारे पुस्तक होते. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा रागावलेल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या. “अहो ताई, रात्रभर झोपला नाही तो,” एवढेच म्हणाल्या. मी पैसे परत केले आणि क्षमा मागितली. चूक पूर्णपणे आमची होती. पुस्तकात काहीही वावगे नव्हते. ते ज्याच्यासाठी नव्हते त्याच्या हाताजवळ आम्ही ते ठेवले होते. आणि ज्यांच्यासाठी होते ती मोठी माणसे त्या कोपऱ्यात वाकून बघायला जाणार नव्हती, हे त्याच दिवशी लक्षात आले. तीन आठवड्यांत त्या फळीवरून विकले गेलेले ते एकमेव पुस्तक होते, आणि तेही परत आले.

मग आम्ही ही पुस्तके गल्ल्यासमोरच्या कपाटात आणली आणि वर पाटी लावायचे ठरवले. पाटीवर काय लिहावे यावर घरात चार दिवस चर्चा चालली. ‘कॉमिक्स’ म्हटले की आमच्या वयस्क वाचकांना इंद्रजाल आठवते; १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या त्या अंकांतला वेताळ पंचावन्न-साठ वर्षांच्या माणसांच्या तोंडावर अजूनही हसू आणतो, पण ते हसू बालपणाचे असते आणि हात पुढे येत नाही. ‘चित्रकथा’ म्हटले की राम-कृष्ण आणि शिवाजी महाराज डोळ्यांसमोर येतात. ‘ग्राफिक नॉव्हेल’ हा शब्द १९७८ मध्ये विल आइसनर यांनी आपल्या पुस्तकासाठी वापरला तेव्हापासून रूढ झाला. पण ‘माउस’ कादंबरी नाही, ‘पर्सेपोलिस’ आत्मकथन आहे आणि ‘भीमायन’ चरित्र. शेवटी मी ‘चित्रकादंबऱ्या आणि कॉमिक्स’ असे लिहिले. ते अपुरे आहे हे मला तेव्हाही जाणवत होते. त्या पाटीकडे पाहून थांबणारी माणसे मात्र वाढली, हेही खरे.

या दुसऱ्या मुक्कामात मला पैशाचे गणित शिकावे लागले. मराठी पुस्तकांवर आम्हाला साधारण पस्तीस टक्के सूट मिळते आणि न विकली गेलेली प्रत बहुधा परत घेतली जाते. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या चित्रपुस्तकांवर सूट कमी मिळाली आणि बरीचशी ‘परत नाही’ या अटीवर घ्यावी लागली. एका वितरकाने पाठवलेल्या खोक्यात अकरा प्रतींचे कोपरे दुमडलेले निघाले. चार महिने पत्रव्यवहार करूनही त्यांची भरपाई मिळाली नाही. कादंबरीचा कोपरा दुमडला तर वाचक थोडी सवलत मागून घेतो, परंतु चित्र पानाच्या कडेपर्यंत गेलेले असते तेव्हा दुमडलेला कोपरा म्हणजे दुमडलेले चित्र, आणि ते कोणी घेत नाही. त्या अकरा प्रतींचे पैसे आमच्या खिशातून गेले. तेव्हापासून खोके पोहोचवणाऱ्या माणसासमोरच उघडायचे आणि चलनावर शेरा लिहूनच सही करायची, हा नियम केला.

पुस्तकांचे वजन हा वेगळाच प्रश्न होता. जाड गुळगुळीत कागदाची साठ पुस्तके लावल्यावर आमची नेहमीची फळी दोन महिन्यांत मधोमध वाकली. सुताराने खाली आधार दिला आणि खोलीही दोन इंच वाढवली, कारण मोठ्या आकाराची पुस्तके पुढे डोकावत होती. पावसाळ्यात तो कागद ओल धरतो, पाने लाटेसारखी होतात आणि कधी एकमेकांना चिकटतात. म्हणून जून ते सप्टेंबर पुस्तके एकमेकांना घट्ट चेपून न लावता मध्ये बोटभर मोकळी जागा ठेवतो आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक पुस्तक उघडून हलवतो. हे काम काकांनी आपणहून अंगावर घेतले. ते चौथीपर्यंत शिकलेले आहेत आणि इंग्रजी वाचत नाहीत. ऑगस्टमधल्या एका दुपारी ते ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ हलवता हलवता स्टुलावर बसले ते अर्धा तास उठले नाहीत. “ताई, हा नदीचं गाणं सांगणारा म्हातारा आमच्या गावाकडच्या वासुदेवासारखा आहे,” असे ते म्हणाले. पुस्तकात मालगू गायन नावाचा गायक खरोखरच रेवेच्या जन्माची कथा गातो. काकांनी ते कोणाच्याही मदतीशिवाय चित्रांवरून ओळखले होते.

कोपरे दुमडू नयेत म्हणून मी तोपर्यंत प्रत्येक प्रतीला प्लॅस्टिकचे पारदर्शक वेष्टण घालून ठेवले होते. काकांच्या त्या अर्ध्या तासाने मला माझी चूक दाखवली. कादंबरी मलपृष्ठावरचा मजकूर वाचून घेता येते. चित्रकादंबरी उघडून पाहिल्याशिवाय घेता येत नाही, कारण तिची भाषा म्हणजे तो चित्रकार, आणि ती आपल्याला रुचते की नाही हे चार पाने उलटल्यावरच कळते. आम्ही प्रत्येक शीर्षकाची एक प्रत वाचनप्रत म्हणून कायमची उघडी ठेवायचे ठरवले, तिच्या कण्यावर हिरवी पट्टी चिकटवली आणि खिडकीपाशी दोन खुर्च्या ठेवल्या. बाबांचा याला विरोध होता, आणि त्यांचे म्हणणे वाऱ्यावर सोडण्यासारखे नव्हते: असे पुस्तक तासाभरात वाचून होते, मग विकत कोण घेईल? महाविद्यालयातली काही मुले खरोखर रोज येऊन फुकट वाचत. परंतु त्यांतलीच मुले महिन्याच्या सुरुवातीला, हातात पैसे आले की, आधीच वाचून झालेले पुस्तक विकत नेत. मी एकाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “एकदा गोष्ट कळायला वाचलं, आता बघायला घरी पाहिजे.” वर्षाच्या अखेरीस हिरव्या पट्टीच्या प्रतींसाठी घातलेली रक्कम वसूल झालेली दिसली आणि बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मांगा म्हणजे जपानी चित्रमालिका. त्या आम्ही मुलांच्या मागणीवरून ठेवल्या आणि त्या आजही सर्वांत वेगाने संपतात. त्यांच्याविषयी एकच सांगते. एक आजोबा नातवासाठी नेलेला खंड घेऊन आले आणि बांधणी उलटी झाली आहे, बदलून द्या, असे म्हणाले. मी त्यांना शेवटचे समजले जाणारे पान उघडून दाखवले. वाचक चुकीच्या बाजूने शिरला असेल तर त्याला परत फिरायला सांगणारी सूचना तिथे छापलेली होती. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात आणि चौकटीही त्याच क्रमाने लावलेल्या असतात. आजोबा खुर्चीवर बसले, बोट उजव्या वरच्या चौकटीवर ठेवून चार पाने त्यांनी हळूहळू पार केली आणि म्हणाले, “उर्दूसारखं आहे. माझे वडील हैदराबाद संस्थानात नोकरीला होते, त्यांची पुस्तकं अशीच उघडायची.” ते पुढचा खंडही घेऊन गेले.

गल्ल्यासमोरच्या कपाटात पुस्तके दीड वर्ष राहिली. विक्री चांगली होती, पण घेणारे तेच ते होते: पंचविशीच्या आतले, इंग्रजी सफाईने वाचणारे, आधीपासून ठाऊक असलेले. ज्यांच्या कपाटात आत्मचरित्रे, इतिहास आणि आंबेडकरी साहित्य असते ते आमचे जुने वाचक त्या पाटीवरून नजर फिरवून मागच्या भिंतीकडे निघून जात. ‘भीमायन’च्या सहा प्रतींपैकी चार तशाच पडून होत्या. एका डिसेंबरात, महापरिनिर्वाण दिनाच्या आदल्या आठवड्यात, मी त्यांतल्या दोन प्रती उचलून मागे बाबासाहेबांच्या ग्रंथांशेजारी ठेवल्या. त्यामागे काही मोठा विचार नव्हता. तिथे गर्दी असते एवढेच मनात होते.

दोनच दिवसांनी कराडकडचे एक सेवानिवृत्त शिक्षक भाषणांचा एक खंड शोधत आले आणि त्यांच्या हाताला ‘भीमायन’ लागले. त्यांनी ते पहिल्या भागाशी उघडले. १९०१ मध्ये लहान भीमराव भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले, मसूर स्थानकावर उतरले, घ्यायला कोणी आले नाही, जात कळताच स्थानकमास्तर मागे सरला, गाडीवान मिळेना आणि वाटेत पाणी मिळेना. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेला तो प्रसंग तिथे आहे. शिक्षक पानाकडे पाहत उभे राहिले. “मी या मसूरला शेकडो वेळा उतरलोय,” ते म्हणाले. “हे वाचलेलं आहे, शिकवलेलंही आहे. पण मुलं किती लहान होती हे माझ्या डोळ्यांसमोर आज आलं.”

दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम हे या पुस्तकाचे चित्रकार परधान गोंड परंपरेतले आहेत. त्यांनी आपल्या माणसांना चौकटीत कोंबायला नकार दिला, त्यामुळे पानावर चौकोन नाहीत. गोंड घरांच्या भिंतींवर काढतात त्या डिग्न्याच्या वळणदार पट्ट्या प्रसंग वेगळे करतात. मवाळ बोलणाऱ्याच्या शब्दांना पक्ष्याचा आकार आहे, आणि ज्याच्या बोलण्यात विष आहे त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. मी हे शिक्षकांना दाखवले तेव्हा त्यांनी पुन्हा मागे जाऊन स्थानकावरचा प्रत्येक फुगा तपासला: हा पक्षी, हा विंचू, हाही विंचू. त्यांच्यासोबत त्यांची नात होती. ती इंग्रजी वाचू लागली, ते मध्येच तिला थांबवून मराठीत सांगू लागले, आणि दुकानाच्या मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या पाच-सहा जणांनी पुस्तके खाली ठेवून ऐकायला सुरुवात केली.

त्याच आठवड्यात मी पाटी काढली. ‘माउस’ दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात गेले, ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ पर्यावरण आणि धरणांच्या पुस्तकांत, ‘पर्सेपोलिस’ इंग्रजी आत्मकथनांत, जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’वर आधारलेले ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ थेट ‘गुलामगिरी’च्या शेजारी. ‘गुलामगिरी’ १८७३ ची, चित्रपुस्तक २०११ चे. दोन्ही एकत्र घेऊन जाणारे वाचक मला त्यानंतर अनेकदा भेटले. जुन्या कपाटात फक्त मांगा आणि लांबलचक मालिका राहिल्या, कारण त्यांचे वाचक खंडांचे क्रमांक शोधत येतात आणि त्यांना सगळे एका जागी लागते. विखुरल्यामुळे पुस्तके सापडत नाहीत अशी तक्रार तरुण वाचकांनी केली. ती रास्त होती, म्हणून हिरवी पट्टी आम्ही सगळ्याच प्रतींच्या कण्यावर लावली आणि वाचनप्रतींना निळी दिली. कुठल्याही कपाटात हिरवे दिसले की ते चित्रपुस्तक.

मागच्या भिंतीपाशी जे आपोआप घडले ते मला पुन्हा घडवायचे होते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी दुकानात चित्रवाचन ठेवायला आम्ही सुरुवात केली. पहिल्या बैठकीत मी स्वतः फुगे मोठ्याने वाचले, आवाज बदलून वाचले, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पानाकडे कोणीच पाहिले नाही. ती बैठक फसली. त्यानंतर काही दिवसांनी कुडाळजवळच्या पिंगुळीला जाण्याचा योग आला. तिथल्या ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी परंपरा मी केळकर संग्रहालयात काचेआड पाहिली होती, पण सांगताना कधी पाहिली नव्हती. पाठीला पाठ लावून चिकटवलेली चित्रे एकामागून एक समोर उभी राहतात, वीणा, टाळ आणि हुडूक वाजतात, आणि सांगणारा चित्रावर बोलतो. चित्र बदलेपर्यंत ऐकणाऱ्याची नजर त्यावरून हलत नाही. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा ही कला अनेकांना नव्याने कळली. मला तिथे एवढे समजले की सांगणाऱ्याने चित्राच्या बाजूला बसायचे असते आणि आधी चित्राला बोलू द्यायचे असते.

पुढच्या शनिवारपासून पुस्तक एका पाटावर उभे केले. पान उघडल्यावर मिनिटभर कोणी बोलत नाही. मग ज्याला जे दिसले ते तो मराठीत सांगतो, दुसरा त्यात भर घालतो, आणि फुग्यातले शब्द सगळ्यांत शेवटी वाचले जातात. दीड तासात सात-आठ पानेच होतात. सुरुवातीला काही जण म्हणत की आम्हाला चित्र वाचायची सवय नाही. तेव्हा मी शि. द. फडणीस यांचे एक मुखपृष्ठ समोर ठेवते. ज्या घरांत दिवाळी अंक आले त्या घरांनी ही शब्दांवाचूनची हास्यचित्रे पिढ्यान्‌पिढ्या, कोणी न शिकवता वाचलेली आहेत. अमर चित्रकथेची पाने ज्यांनी रेखाटली त्या राम वाईरकर, प्रताप मुळीक आणि दिलीप कदम यांची नावे घेतली की खोलीतले अर्धे लोक आपले बालपण आपल्याच माणसांनी रेखाटलेले होते हे नव्याने ऐकल्यासारखे पाहतात. इतके हात असलेल्या भाषेत मोठ्यांसाठीच्या मूळ मराठी चित्रकादंबऱ्यांची एक पूर्ण फळी मला अजून भरता आलेली नाही, याची मला मनापासून खंत आहे. बैठकीला येणाऱ्या दोन मुली सध्या आपल्या आजीच्या गिरणगावातल्या आठवणी चित्रांतून रेखाटत आहेत. पहिली बारा पाने त्यांनी दाखवली, आणि ती छापली जाईपर्यंत त्यांच्यासाठी मागच्या भिंतीला एक हातभर जागा मी रिकामी ठेवली आहे.

बाबा या बैठकांना बसतात, पण बोलत नाहीत. ‘पर्सेपोलिस’ त्यांनी गेल्या पावसाळ्यात वाचले. चौदाव्या वर्षी घर सोडून व्हिएन्नाला निघालेली मुलगी आदल्या रात्री आजीच्या कुशीत झोपते, आणि रोज सकाळी जाईची फुले वेचून अंगावर बाळगणाऱ्या त्या आजीचा सुगंध तिला येत राहतो, तो भाग वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटले आणि आईला हाक मारून तिच्या आजीचे नाव विचारले. पुस्तकाविषयी ते मला काहीच म्हणाले नाहीत.

मार्चअखेरीस आम्ही दुकानातल्या सगळ्या पुस्तकांची मोजणी करतो. यंदा ‘पर्सेपोलिस’ची एक प्रत हिशेबात कमी आली. इंग्रजी आत्मकथनांची फळी मी दोनदा तपासली, काकांनी गोदाम पाहिले. प्रत मिळाली ती मागच्या भिंतीच्या पहिल्या, सर्वांत जुन्या कपाटात, बाबांनी दुकान सुरू करताना आणलेल्या मराठी पुस्तकांच्या फळीवर. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ला लागून, हिरवी पट्टी बाहेर करून, ती नीट उभी केलेली होती. बाबा गल्ल्यावर बसून पावत्या लावत होते. मी ती प्रत तिथून काढली नाही. संगणकात तिची जागा बदलून घेतली आणि पुढच्या फळीची मोजणी सुरू केली.